पट्ट्याचं शेवटचं भोक

मोखाड्याहून नाशिकची गाडी गाठायची होती. मी घाईघाईनं यांची बॅग भरत होते. यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. निघताना यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. काळं, जाडजूड, दगडावर आपटलं तरी न फुटणारं, चाललेली पावलं मोजणारं.

"घड्याळ आहे की ट्रॅक्टरचं चाक?"

"असू दे. तुझ्या प्रदक्षिणा मोजेल. तू मोजताना देवालाही फसवतेस," हे हसले. तन्मयनं, आमच्या मुलानं, आकडा कुठे दिसतो ते दाखवलं आणि बापलेक गेले.

मी नेम धरला. हे घरी येईपर्यंत रोज दिवेलागणीला ओलेत्यानं तुळशीला एकशे आठ प्रदक्षिणा. पावसापायी कुंडी पडवीत घेतलेली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच न्हाणीत पाय घसरला. घोट्याला प्लॅस्टर. यांचा जीव टांगणीला, आणि नेम मोडणार! रडत रडत मी घड्याळ कुंडीपाशी ठेवलं आणि आमच्या घरच्या रीतीनं म्हटलं, "घरची जी बाई असेल तिनं माझा नेम चालवावा." सासूबाई आजारी पडल्या की असंच म्हणायच्या, आणि मी त्यांच्या वाटच्या फेऱ्या घालायची.

आत येऊन खाटेवर टेकले तेव्हा ध्यानात आलं... घरात आता माझ्याखेरीज बाईमाणूस आहेच कोण? सासूबाई तर माघातच गेल्या.

थोड्या वेळानं स्वयंपाकाला फागी आली ती पडवीतच थबकली.

"वैनी, ही वली पावलां कोनाची?"

"तुझीच असतील."

"माझ्या पायात चपला हायत..."

भिंत धरत मी बाहेर गेले. कोरड्या लादीवर तुळशीभोवती ओल्या पावलांचं कडं. प्रत्येक फेरीत डावा पाय जरासा फरफटलेला. हवेत मिश्रीचा वास. घड्याळावर माझ्या नेमाइतकी पावलं, आणि पट्टा लावलेला... अगदी शेवटच्या भोकात. एवढं बारीक मनगट आमच्या घरात एकाच बाईचं होतं.

दुसऱ्या सांजेला मी दाराआडून ऐकलं. टप... फर्र. टप... फर्र. अंगावर काटा आला, पण मायाही दाटून आली. पोर त्यांचंच ना!

"सासूबाई... दमलात तर बसा हो घडीभर."

आवाज थांबला. पाण्याचे थेंब ठिबकले. मग पुन्हा... टप... फर्र. त्याच वेळी तन्मयचा फोन आला, "आई, बाबा शुद्धीवर आले!"

हे घरी आले त्या दिवशी मी उद्यापन केलं. तुळशीपाशी सासूबाईंच्या नावाची साडी ठेवली. "नेम पुरा झाला. आता विसावा घ्या," म्हटलं. घड्याळ पुन्हा यांच्या मनगटावर गेलं.

काल सांजेला हातपाय धुताना यांनी ते फळीवर काढून ठेवलं. मला जरा डोळा लागला होता. मिश्रीच्या वासानं जाग आली. बाहेर हे तन्मयशी गप्पा मारत होते. घड्याळ माझ्या उशाशी होतं, पट्टा शेवटच्या भोकात.

आणि ओली पावलं तुळशीभोवती नव्हती. माझ्या खाटेभोवती होती.

"सासूबाई..." मी हळूच विचारलं, "मला काय झालंय हो?"

घड्याळाच्या पडद्यावरचा आकडा तेवढा एकेकानं वाढत राहिला.