साठ नंबरचा सपोर्ट

सोमवारी सकाळी वाफेचा पाइप फुटला आणि त्याच्याखाली काम करणारा फिटर जागीच गेला. गुरुवारी निरीक्षक कारखान्यात पोचला, तोवर दोषी कोण हे सगळ्यांनी ठरवूनही टाकलं होतं. पाइपवरच्या ताणाचा हिशेब करणारी इंजिनिअर. गेलेला फिटर तिचा सख्खा धाकटा भाऊ. आई तीन दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

“बेंडजवळ, पाइप वळतो तिथे, खालून लोखंडी सपोर्ट हवा होता. हिने दिलाच नाही,” विभागप्रमुखाने मार्चमधला रिपोर्ट पुढे सरकवला. शेवटच्या पानावर तिची सही होती.

“मी दिला होता,” ती म्हणाली. “पण आता मलाच खात्री वाटेनाशी झालीय. कागद तर समोर आहे.”

“तुमचा कॉम्प्युटर?”

“सोमवारीच काढून घेतला. मला घरी पाठवलं.”

निरीक्षक तिला घेऊन फुटलेल्या पाइपपाशी गेला. शेजारच्या पाइपांत वाफ अजून फुसफुसत होती. ते बंद करावेत असं कुणाला वाटलं नव्हतं. फुटलेल्या पाइपवर पिवळ्या रंगाचे आकडे होते: दहा, वीस, तीस, थेट एकशेवीसपर्यंत. बेंडजवळच्या साठच्या खाली जमिनीवर वीतभर चौकोन ताज्या रंगाने चमकत होता.

“हे आकडे कसले?”

“माझ्या रिपोर्टमधल्या, ताण मोजायच्या पॉइंटचे. दहा-दहाने देते, मध्ये काही घालायचं झालं तर जागा राहते. पाइपवर ते भाऊ रंगवायचा. काम संपलं त्याच दिवशी.”

प्रमुखाच्या केबिनमध्ये ताणाचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीचं माहितीपत्रक न फोडलेल्या पाकिटात पडलं होतं.

“ही कधी आली?”

“परवा, मंगळवारी टाकली. सध्या फक्त माझ्या कॉम्प्युटरवर आहे.”

“पत्रक वाचलंत?”

“वेळ कुणाला आहे? बटणं तीच आहेत.”

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला बटणं तेवढी दिसतात. निरीक्षकाने पाकीट फोडून पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मग त्याने इंजिनिअरला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“पाइपवर पॉइंट बारा. रिपोर्टमध्ये अकरा, शेवटचा एकशेदहा. एक गेला कुठे? जुन्या सॉफ्टवेअरमध्ये साठ पुसला असता, तर पन्नासनंतर सत्तर राहिला असता. नव्यात सोय आहे, एक पॉइंट पुसला की पुढचे आकडे आपोआप सरकतात. मंगळवारी आलेली सोय मार्चच्या रिपोर्टमध्ये कशी?”

प्रमुखाने रिपोर्ट स्वतःकडे ओढला.

“सपोर्ट साठवर होता. तो तुम्ही हिशेबातून पुसलात, जुनी तारीख टाकलीत आणि हिच्या सहीचं पान मागे जोडलंत. जमिनीवरचा रंग मी खरवडून पाहिलाय. खाली कापलेलं लोखंड आहे. का कापलात?”

“मध्ये यायचा, ट्रॉली वळत नव्हती,” प्रमुख म्हणाला. “एवढ्याशाने पाइप फुटेल असं वाटलं नाही.”

“कापला कुणी?”

प्रमुखाने इंजिनिअरकडे पाहायचं टाळलं. “हिच्या भावाने. ग्राइंडर हातात घेऊन थांबला होता. ‘ताईला विचारलंत ना साहेब?’ म्हणाला.”

“मग?”

“मी हो म्हटलं.”

इंजिनिअरने तिथूनच घरी फोन लावला.

“आई, फोन ठेवू नकोस,” ती म्हणाली. “त्याने विचारलं होतं गं.”