अंगफुलाचा कोंडा

भर दुपारी सुनेला जेवायला हाक मारायला गच्चीवर जायचं म्हटलं की रोहिणीबाईंच्या अंगावर काटा यायचा. बार्शीच्या रणरणत्या उन्हात प्रांजल उघड्या पाठीनं पालथी पडलेली असायची. पाठभर राखाडी-हिरवी खपली. खांद्यांवर तीच खपली सुटून तिची कुरळी पानं झालेली. आणि काखेत तर चक्क झुडूप, बोटभर उंचीचं, ओलसर.

"भाकरी गार व्हायलीय गं," तोंड फिरवूनच रोहिणीबाई म्हणायच्या.

"नको आत्या, पोट भरलंय," हे उत्तर ठरलेलं.

मसाल्यातलं दगडफूल सगळ्यांच्या ओळखीचं, पण ते एक झाड नसून दोघांचा संसार आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते. तिच्या पोटात कोंडलेलं शेवाळ उन्हावर साखर तयार करतं आणि बुरशी त्यावर जगते. दुष्काळ हटेना, तेव्हा शास्त्रज्ञांनी हा संसार माणसाच्या कातडीवर थाटून दिला. दगडावरचं दगडफूल, तसं हे अंगफूल. बुरशीचे धागे कातडीत उतरतात आणि उरलेली साखर रक्तात सोडतात. मग दिवसाला अर्धी भाकरीही पुरते. गावातल्या इतर तरुणांसारखंच रोहिणीबाईंच्या मुलानं, तेजसनं आणि प्रांजलनं लग्नाआधीच ते लावून घेतलं होतं. म्हाताऱ्या कातडीवर ते धरत नाही, म्हणून रोहिणीबाई सुटल्या होत्या.

त्यांना सर्वांत शिसारी यायची ती कोंड्याची. अंगफुलातून सारखी भुकटी गळायची. अंथरुणात भुकटी, ताटात भुकटी, चहावर तिची साय. रोज सकाळी त्या तो कोंडा झाडून मोरीत ओतायच्या आणि वर पाणी मारायच्या. मोरीच्या ओल्या भिंतीवर त्याचा बुळबुळीत थर धरायचा. तो काथ्यानं खरवडला की पाणी गुलाबी व्हायचं आणि रोहिणीबाईंना उमासे यायचे.

त्यांचं काम बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालण्याचं. निम्म्या बार्शीची टाळू त्यांनी तेलानं भरली होती. पण गेली काही वर्षं त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. परक्यांचं राहू दे, स्वतःच्या घरात तरी पाळणा हलावा! शेवटी एका सकाळी घर तसंच टाकून त्या प्रांजलला डॉक्टर तांबोळींकडे घेऊन गेल्या. अंगफूल तयार करणाऱ्यांमध्ये या तांबोळीबाईही होत्या.

"दोघांतही दोष नाही," आधी केलेल्या नवरा-बायकोच्या तपासण्या बघून डॉक्टर म्हणाल्या. "दगडफुलात बुरशी शेवाळाला त्याचं बी धरू देत नाही. त्याची ताकद तिला साखरेसाठी हवी असते."

"शेवाळाचं मरू द्या. माझ्या सुनंचं सांगा."

"तेच सांगतेय. बुरशीच्या लेखी आता तुमची सूनसुद्धा शेवाळच आहे."

प्रांजलनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"मग ते दगडफूल वाढतं कसं?" रोहिणीबाईंनी विचारलं.

"कोंड्यानं. एकेका कणात बुरशीचा धागा आणि शेवाळाची पेशी एकत्र गुंडाळलेली असते. ओल आणि उजेड मिळाला की तिथं नवं दगडफूल. अंगफुलाच्या कोंड्यात आम्हाला तिसरंही काही सापडलंय. माणसाच्या पेशी. जिवंत, गर्भात असतात तशा."

"म्हंजे पोर व्हत न्हाई असं न्हाई?"

"होतंय, बाई. रोज होतंय. तुम्ही तो कोंडा टाकता कुठं?"

रोहिणीबाई प्रांजलचा हात धरून उठल्याच.

घरी येताच त्या थेट मोरीत गेल्या. आज अजून काथ्या फिरला नव्हता. खिडकीखाली, बंबाच्या मागं, जिथं त्यांचा हात नीट पोचत नसे तिथं वीतभर चट्टा होता. कडांना कुरळी पानं, मधे कातडीचा रंग. आणि त्यावर जावळ होतं.

रोहिणीबाई तिथंच भडाभडा ओकल्या. चूळ भरली, आणि किळस दाबून चट्ट्यावर बोट टेकवलं. ऊब होती. मधोमध मऊ होतं, आणि बोटाखाली उडत होतं. आयुष्यभर तान्ह्या डोक्यांवरून फिरलेलं ते बोट, त्याला टाळू कळणार नाही?

काथ्या खिळ्याला लटकत होता. रोज सकाळचं ते गुलाबी पाणी त्यांना आठवलं.

"आत्या, काय झालं?" बाहेरून प्रांजल घाबरून विचारत होती.

"काय न्हाई. तेलाची वाटी दे. कोमट करून."

वाटी घेऊन त्यांनी दार लावलं. पदर नाकाला दाबून त्यांनी बोट तेलात बुडवलं आणि टाळू भरली. तेल जिरलं. कडेचं एक ओलं पान हळूच वळलं आणि त्यांच्या बोटाला घट्ट धरून बसलं.

त्यांना ते सहन होईना, आणि बोट सोडवूनही घेववेना.