पाण्याची उभी रेघ

स्कॅनमध्ये अठ्ठावीस दात होते. अक्कलदाढ एकही नाही, चांदी भरलेला दात एकही नाही. खालच्या जबड्यात उजवीकडे पोकळी, एकतीस मिलिमीटर लांब. आणि डाव्या सायनसमध्ये, गालाच्या हाडातल्या पोकळीत, थोडं पाणी.

त्या पाण्यापाशी साचेवालीचा हात थांबला. स्कॅनवरून जबड्याचा साचा आणि त्यावर बसणारी धातूची पट्टी करणं हे तिचं काम. दहा वाजता शाळेतल्या एका बाईंचा अर्धा जबडा काढायचा होता. घड्याळात नऊ वाजून पाच.

ती धावतच जिना उतरली. खाटेवर बाईंनी धाकट्या बहिणीचं मनगट घट्ट धरलं होतं.

"स्कॅन उभ्यानं झाला की झोपवून?"

"उभ्यानं. हनुवटी टेकवून. सारखी थरथरत होते मी."

"तेव्हा सर्दी होती?"

"छे! का हो, आणखी काही निघालं का?"

"ताई, वर्गात पोरं तुला टरकून असतात, आणि तू..." धाकटी हसायला गेली. जमलं नाही.

साचेवालीनं बाईंचे दात मोजले. अठ्ठावीस. आपलंच चुकत असेल तर?

नोंदणीच्या खिडकीतली कारकून फणकारली. "नावांची अदलाबदल? माझ्याकडून? त्या दिवशी पाचच स्कॅन झाले, त्यात चार लहान मुलं!"

"झोपवून कुणाचा काढला?"

"झोपवायचं यंत्र मागच्या वर्षीच भंगारात गेलं, मॅडम."

स्कॅनच्या खोलीत यंत्रवाला हनुवटीची पट्टी पुसत होता. पुसलेलीच पुन्हा पुसत होता.

"दादा, बाईंचा स्कॅन कुठून आणलात?"

"कुठून म्हणजे? इथलाच आहे."

तिनं संगणकावर बाईंच्या नावाचा स्कॅन उघडून पडदा त्याच्याकडे वळवला. "पाण्याचा पृष्ठभाग नेहमी जमिनीला समांतर राहतो. बाई उभ्या होत्या, तर सायनसमधल्या पाण्याची ही रेघ दातांच्या ओळीला समांतर हवी. इथे ती काटकोनात आहे. म्हणजे हा माणूस उताणा होता. मुलांशी अदलाबदल झाली असती, तर हाडात न फुटलेले दात दिसले असते. ते जुनं यंत्र गेलं, पण त्यावरचे स्कॅन नवशिक्यांच्या नमुन्यांत आहेत. ते तुम्हीच उघडता. त्यातून तुम्ही अठ्ठावीस दातांचा स्कॅन शोधून काढलात."

फडकं खाली पडलं.

"बाई हलल्या. दोन्ही वेळा. चित्र सगळं फरफटलेलं. तिसऱ्यांदा काढायचा तर सर्जनसरांची सही लागते. त्यांनी आधीच मला चारचौघांत झापलं होतं. म्हटलं, एका दिवसापुरता नमुना ठेवू, उद्या बाईंना गुपचूप बोलावू. सरांनी तासाभरातच उघडला. मी दात मोजले होते हो... जबडा बघितलाच नाही."

"आणि नंतरचे नऊ दिवस?"

"भीती वाटली."

"बाईंना नव्हती वाटत?"

तिनं फोन उचलला. सर्जन तीन मिनिटांत खाली आले आणि यंत्रवाल्याच्या मागे उभे राहिले. बाईंचं डोकं पट्ट्यानं बांधलं. काचेपलीकडून धाकटी मोठ्यानं आकडे म्हणू लागली. चौदाला यंत्र थांबलं; तोवर बाई हलल्या नाहीत.

नऊ एकोणपन्नासला साचेवालीनं मोजमाप नोंदवलं. खाली, उजवीकडे, पहिल्या दाढेच्या मुळाशी पोकळी: तीन पूर्णांक दोन मिलिमीटर. एवढ्यासाठी जबडा काढावा लागत नाही.