पुरी बसली, ट्यूब फुगली

खुशीचं लग्न झालं त्या वर्षीच्या मे महिन्यात तिच्या आईनं, इंदुमतीबाईंनी, हट्ट धरला. आपल्या माहेरच्या आंब्याच्या कैऱ्या आणायच्या! माहेर कधीच धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. वर उरली होती मागची टेकडी आणि तिच्यावरचा तो आंबा.

"पुढच्या वर्षी गुडघे ऐकायचे नाहीत," बाई म्हणाल्या.

मग काय! नवे जावई यशवर्धन यांनी सियागंज बाजारातून ट्रकच्या ट्यूबा, दोरखंड, पंप आणला आणि मंडळी इंदूरहून निघाली.

भर दुपारी काठावर ट्यूबा भरल्या. बाईंचे यजमान बाबूराव यांनी प्रत्येकीवर अंगठा दाबून पाहिला. "वा जावईजी! एकदम टनाटन!" चार ट्यूबा बांबूंना आवळून तराफा झाला. कमरेला रिकामे डबे बांधून चौघं पाण्यात शिरली.

पाणी हिरवंगार, खोल आणि गार. वल्ह्यांच्या तालावर बाई सांगत होत्या, "इथे खाली आमची विहीर. तिथे चिंचेखाली आम्ही सागरगोटे खेळायचो." तेवढ्यात वारा उठला. लाट आली. तराफा खचला!

"पंक्चर!" बाबूराव इंदुरी हिंदीत ओरडले. "हवा निकल रही है, भिया! पलटा, पलटा!"

यशवर्धननं प्रत्येक ट्यूबला कान लावला. फुस्स नाही, बुडबुडा नाही. "बाबा, हवा कुठूनच जात नाहीये."

"मग बसली कशी? रुसली?"

बाईंनी पाण्यात हात घातला आणि खुदकन हसल्या. "अहो, पुरी बसली! कढईत टम्म, ताटात चपटी. उन्हात भरलेली हवा गार पाण्यात आकसली."

"करेक्ट, आई!" खुशी म्हणाली. "हवा तेवढीच आहे, जागा कमी घेतेय. पंप मारा!"

पंप चालला. तराफा वर आला. टेकडी लागली!

आंबा नुसता लगडला होता. बाई खोडाला टेकून बसल्या, बाकीच्यांनी पोतं भरलं. खाली तराफा काळ्या खडकावर उन्हात पडला होता. बांबू करकरू लागले. बाईंच्या हातातली कैरी तशीच राहिली.

"अगं बाई! पुरी परत कढईत! पळा!"

तापलेल्या हवेला जागा हवी होती, दोर जागा देईना. यशवर्धन धावला. एका ट्यूबची नळी उघडली. फुस्स! दुसरी! तिसरी! चौथीपाशी पोचणार तोच... धडाम!

उरल्या तीन ट्यूबा. त्या पाण्यात टाकून बेतानं भरल्या. पण चार माणसं आणि एक पोतं? तराफा बुडू लागला.

"जावई ठेवू, कैऱ्या नेऊ," बाबूराव म्हणाले.

"बाबा, परवाच तर लग्न लावलंत!" खुशी उसळली.

बाईंनी पोत्याकडे डोळे भरून पाहिलं. "राहू दे. माणसं आधी."

खुशीनं पाच कैऱ्या उचलून आईच्या पदरात घातल्या. "माहेराहून रिकाम्या ओटीनं जाते का कुणी?"

तराफा डुगडुगत, चौघं खिदळत काठाला लागली. लोणचं एवढंसंच झालं.

बाबूराव पुढच्या वर्षी मार्गशीर्षात वारले, पहाटे, झोपेत. बरणीतली शेवटची फोड आदल्या दिवशी त्यांनीच खाल्ली होती.