कोऱ्या पाण्यातली बाई

मी मानवतला एका शाळेत चित्रकला शिकवते. गेल्या हिवाळ्यात शेन याओमिंग नावाचा चिनी चित्रकार कलाशिबिरासाठी आमच्याकडे आला होता. काम तैलरंगात करायचा, पण जीव जुन्या चिनी शाईचित्रांत. पाणी तो रंगवायचाच नाही. तेवढा कॅनव्हास कोरा सोडायचा. भोवतीच्या काठामुळे तिथं पाणी दिसायचं.

त्याला मी वालूरच्या अलीकडच्या एका तलावावर नेलं. काठाला बाभळी, समोर मातीचा बांध, वाऱ्यावर त्याच्या रंगांतल्या टर्पेंटाइनचा वास. दुपारी त्याचं चित्र बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. कोऱ्या पाण्यात, करंगळीच्या नखाएवढी, एक बाई पाठमोरी उभी होती. उजवा खांदा उतरलेला. लहानपणी झाडावरून पडल्यापासून माझ्या धाकट्या बहिणीचा, अनुपमाचा, खांदा तसाच होता.

तीन वर्षांपूर्वी अनुपमा सासरहून नाहीशी झाली. नवरा शंभुराज म्हणाला, पळून गेली. सोयऱ्याधायऱ्यांनी माना डोलावल्या.

"तिच्याबद्दल कुणी सांगितलं तुला?" मी शेनवर इंग्रजीत ओरडले.

तो चित्राशी वाकला. "ही मी काढलेली नाही."

त्यानं सुरीनं ती खरवडून टाकली. खालचं कापड कोरं निघालं. चहा घेऊन परतलो, तर ती पुन्हा तिथंच. सकाळपासूनचा सगळा रंग ओला होता, तेवढी एक बाई खडखडीत वाळलेली.

शेननं ब्रश पुसले. "हे चित्र तुम्ही न्या," एवढंच म्हणाला.

मी ते तसंच ओलं घेऊन शंभुराजच्या कापडदुकानात गेले. गिऱ्हाइकं बसलेली. काउंटरवर चित्र आपटलं.

"काय हाय हे, अक्का?"

"तलाव हाय. नीट बघ, कोण उभंय त्यात."

तो बघत राहिला. मग एकदम उसळला.

"खोटं हाय हे! पाण्यात कुठं व्हती ती? बांधाच्या पल्याड..."

कापड मोजणाऱ्या नोकराचा हात थांबला.

"थांबलास का?" मी शंभुराजला म्हणाले. "बोल. समद्यांना ऐकू जाऊ दे."

चौथ्या दिवशी पोलिसांनी बांधापलीकडं खणलं, तेव्हा अनुपमा सापडली. पंचनामा चालू असताना तिचा एक चुलत सासरा म्हणाला, "लय गरीब पोरगी व्हती."

"तीन वर्षं तुमीच तिला पळपुटी म्हणायलाव," मी म्हणाले.

तो मागं सरकला.

तिला माती देऊन घरी आले. चित्रातली बाई गेली होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले.

दुसऱ्या सकाळी शाळेला निघताना चित्राकडं सहज नजर गेली.

कोऱ्या पाण्यात तिघी पाठमोऱ्या उभ्या होत्या. एकीच्या कडेवर मूल होतं.

त्यांतली एकही माझ्या ओळखीची नव्हती.