कारण विचारायचं नाही

तो आला होता पँटची लांबी कमी करून घ्यायला आणि गेला तो वरच्या खोलीची चावी घेऊन. समोरच्या चष्म्याच्या दुकानात नव्यानं लागलेला कारागीर. स्वतःचाच चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. खाली शिवणकाम करणाऱ्या घरमालकिणीला पहिल्याच दिवशी हसू आवरेना.

"मुदतीआधी सोडावी लागली तर?" त्यानं विचारलं होतं.

"तोंडी सांगा, पुरे. अडवणार नाही, कारणही विचारणार नाही."

"आणि मलाच सांगावंसं वाटलं तर?"

"तर... तेव्हाचं तेव्हा बघू."

तिच्यासोबत राहणाऱ्या मावशीनं कपाळाला हात लावला. "अगं, दोन ओळी लिहून तरी घे." पण हिला आपल्या शब्दाचा भारी अभिमान.

मग त्याच्या शर्टाची बटणं संशय यावा इतकी वरचेवर तुटू लागली. "दोरा कच्चा की माणूस?" ती विचारायची. "माणूसच," म्हणत तो चष्मा वर ढकलायचा. पावसाच्या संध्याकाळी तो दाराशी उभा राहून तिचे हात बघत राही, आणि तिची कात्री हमखास वाकडी जाई.

अशाच एका संध्याकाळी तो म्हणाला, "खोली... सोडावी म्हणतोय."

ती एका फ्रॉकची कड टाचत होती. ओठांत टाचण्या. का? — एवढंच विचारायचं होतं. पण विचारणार नाही असा शब्द दिला होता ना. शिवाय टाचण्या काढल्या असत्या, तर ओठ थरथरलेले दिसले असते. तिनं नुसती मान हलवली. तो बराच वेळ घुटमळला, मग निमूट वर गेला.

जायच्या दिवशी सामानाची गाडी दारात उभी होती. चावी तिच्या हातावर ठेवून तो हळूच म्हणाला, "कारण विचारलं नाहीत तुम्ही."

"ठरलं होतं ना..."

"घरमालकिणीला मागणी घालायची, ती तिच्याच छपराखाली राहून कशी घालणार? म्हणून आधी खोली सोडणार होतो. मागच्या गल्लीत जागाही बघून ठेवली होती. पण तुम्ही टाचण्यासुद्धा काढल्या नाहीत. वाटलं, मी गेलेलाच बरा. मग लांबच्या गावची नोकरी धरली."

"तिथून... मधेच सुटता येतं?"

"नाही. काही वर्षं तरी सोडणार नाही, असा शब्द देऊन बसलोय." तो कसनुसा हसला. "तुमच्याकडूनच शिकलो."

शब्द मोडा, असं म्हणायला तिची जीभ रेटेना. आणि थकलेल्या मावशीला टाकून तिला निघता येण्यासारखं नव्हतं. गाडी वळली तेव्हा ती दारातच रडली, मावशीदेखत.

पुढे एक जोडपं खोली बघायला आलं. "मधेच सोडावी लागली तर?"

तिनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, मशीनवरच्या छोट्या उशीत खोचल्या.

"खुशाल सोडा," ती म्हणाली. "पण का सोडताय, ते मी विचारणार. आणि उत्तर ऐकल्याशिवाय चावी हातात घेणार नाही."