पाण्यावरचा तुकडा

आतल्या खोलीतून पुन्हा हसण्याचा आवाज आला, आणि काप काढायच्या यंत्राचं, मायक्रोटोमचं, चाक फिरवणारा थोरल्या सुनेचा हात जागच्या जागी थांबला…

"घारीची नजर आहे गं तुझी, धाकटे!" मामंजी म्हणत होते. "तीन वेळा पाहिलं मी, मला दिसलं नाही!"

"हरायची वेळ आली की तुम्ही मोतीबिंदू पुढे करता, बाबा!" धाकट्या सुनेने उत्तर दिलं, आणि दोघं खळखळून हसली.

त्या खोलीत दोघांना एकाच वेळी डोळे लावता येतील असा सूक्ष्मदर्शक होता. एका बाजूला मामंजी बसायचे, आणि समोरच्या स्टुलावर… अठरा वर्षं त्या स्टुलावर थोरली बसली होती! कॉलेज अर्धवट सोडून ती या घरात आली, आणि वर घर, खाली पेशीतपासणीची प्रयोगशाळा असल्या या संसारात सासऱ्यांनीच तिला शिकवलं. रुग्णाच्या शरीरातला इवलासा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात कसा बसवायचा, केसाच्या विसाव्या हिश्शाइतका पातळ काप कसा काढायचा, कापांची ती नाजूक फीत कोमट पाण्यावर कशी सोडायची, काचेवर अलगद कशी उचलायची आणि जांभळ्या-गुलाबी रंगात कशी रंगवायची! "माझ्या थोरलीच्या हातून चूक होत नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि तेवढ्या एका वाक्यावर तिचा जन्म सुखाचा चालला होता.

मग धाकटी आली. हुशार, गोड बोलणारी. लग्नानंतर ती याच विषयातली मोठी पदवी घ्यायला गेली तेव्हा तिच्या तान्ह्या लेकीला तीन वर्षं छातीशी धरून कुणी वाढवलं? थोरलीने! आणि पदवी घेऊन धाकटी परतली त्या दिवशी मामंजींनी किती सहजपणे म्हणावं, "थोरले, आता तुला इथे बसायची दगदग नको. तू आपली काप काढ."

दगदग! तिच्या आयुष्यातल्या एकमेव सिंहासनाला ते दगदग म्हणाले होते…

ती रोज देवापुढे बसायची आणि मागायची, "माझ्या मनातलं हे विष काढून घे." पण खाली उतरलं की हसण्याचा आवाज यायचा, आणि ते विष पुन्हा वर यायचं. आताही तिचे डोळे भरून आले. तिने तसाच पुढचा ठोकळा लावला, चाक फिरवलं, फीत पाण्यावर सोडली.

तीन दिवसांनी, दुपारी, ती तपासून झालेल्या काचा लावून ठेवत होती. एका काचेवर धाकटीने शाईने छोटा ठिपका केला होता. सोबतचा कागद तिने वाचला. स्त्री, वय चौतीस, व्यवसाय शिवणकाम, स्तनातली गाठ. निदान, कर्करोग! उद्या सकाळी शस्त्रक्रिया.

खोली रिकामी होती. थोरली चोरासारखी त्या स्टुलावर बसली आणि तिने काच भिंगाखाली सरकवली.

काचेवर एकाच गाठीचे तीन काप ओळीने होते. पहिला स्वच्छ. तिसराही स्वच्छ. मधल्या कापाच्या अगदी कडेला तो वेडावाकडा, गडद पेशींचा पुंजका होता. तिने भिंग किंचित वर घेतलं. गाठीच्या पेशी धूसर झाल्या, पुंजका मात्र लख्ख झाला. तो कापातला नव्हताच! कापावर येऊन पडला होता!

तिने आदल्या ठोकळ्याची काच काढली. एका वृद्धेचा पसरलेला कर्करोग. पेशींची तीच गडद केंद्रकं, तीच दाटी…

क्षणात सगळं तिला आठवलं. एक ठोकळा झाला की दुसरा घेण्याआधी पाण्याचा पृष्ठभाग कागदाने पुसून घ्यायचा, म्हणजे आधीच्या रुग्णाचा कण मागे उरत नाही. अठरा वर्षं ती पाणी पुसताना मनात म्हणायची, "ज्याचं असेल त्याला सुखी ठेव रे देवा." त्या दिवशी डोळ्यांत पाणी होतं, कानांत हसणं होतं… आणि तिने ना पाणी पुसलं, ना देवाचं नाव घेतलं!

ती उठणार, एवढ्यात मनाच्या तळातून एक आवाज आला. थांब. बोललीस तर आधी तुझी चूक. गप्प राहिलीस तर? उद्या स्तन काढला जाईल, तपासणीला इथेच येईल, आणि त्यात काहीच सापडणार नाही. सही कुणाची? घारीच्या नजरेची! मग बसेल ती या स्टुलावर?

थोरली बसून राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. सहज तिची नजर समोरच्या कपाटाच्या काचेकडे गेली, आणि तिथे तिला एक बाई दिसली. ती बाई हसत होती!

"अगं बाई…!" ती किंचाळल्यासारखी उठली आणि जिन्याकडे धावली.

धाकटी वर लेकीची वेणी घालत होती. थोरलीचा चेहरा पाहून तिच्या हातातला कंगवा गळाला. "काय झालं, ताई?"

थोरलीने सांगितलं. एका दमात, काहीही न लपवता.

धाकटी खाली धावली, तिने डोळे भिंगाला लावले, आणि मान वर केली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुम्ही… तुम्ही हे मुद्दाम केलंत?"

शब्द नव्हते ते, पातं होतं! पण थोरलीने मान खाली घातली नाही. "पाणी पुसलं नाही ते मुद्दाम नाही गं. पण आत्ता तासभर इथे गप्प बसले… ते मुद्दाम."

 धाकटीने फोन उचलला आणि सर्जनना सांगितलं, "उद्याची शस्त्रक्रिया थांबवा. आमचा अहवाल मी मागे घेते आहे." पलीकडचा चढलेला आवाज खोलीभर ऐकू येत होता. 

ठोकळा पुन्हा लागला. थोरलीचा हात इतका कापत होता की पहिली फीत तुटली. तेव्हा धाकटीने तिच्या मनगटाखाली आपला तळवा धरला. "सावकाश, ताई. मी पाणी पुसते."

काच रंगात होती तेवढ्या वेळात ती खालच्या आवाजात म्हणाली, "तिन्ही काप बघणं माझं काम होतं. नाही बघितले. बाबा शाबासकी देत होते ना… त्यांना काय माहीत, मी कशाची भुकेली आहे! कुठलीही काच उजेडात धरली की ते म्हणतात, 'हात बघ थोरलीचा!' माझी लेक झोपेत तुम्हाला हाक मारते, मला नाही. या घरात तुमच्यापुढे मी कोण, सांगा ना!"

थोरली तिच्याकडे वळली. म्हणजे जिच्या सुखाने आपण जळत होतो, ती आपल्यामुळेच जळत होती!

नवे काप खोलवर घेतले होते. एकूणएक स्वच्छ. साधी, निरुपद्रवी गाठ. मामंजींनी सगळ्या काचा स्वतः पाहिल्या, सगळं ऐकून घेतलं आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. "मोतीबिंदूचा डोळा घेऊन मीही मान डोलावलीच की," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आणि घरातल्या दोन डोळ्यांना एकमेकांशी लढवत बसलो! जा पोरींनो. फोनवर नका सांगू. तिच्या घरी जा."

दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर त्या बाईने दार उघडलं. पलंगावर दवाखान्याची पिशवी भरून ठेवलेली होती. शिवणयंत्राच्या सुईखाली तिचाच एक ब्लाऊज होता, आणि त्याला आतून, एकाच बाजूला, कापसाची छोटी उशी शिवत आणलेली होती…

 आजवर थोरलीने माणसांचे तुकडे पाहिले होते, माणसं नव्हती पाहिली.

धाकटीने सांगितलं. बाई मटकन खाली बसली. मग तिने मान वर केली, आणि तिच्या डोळ्यांत आनंदाआधी अंगार पेटला. "दोन दिवस मी रोज मेले आहे. कुणाचं चुकलं?"

"माझं," थोरली म्हणाली.

"माझं," त्याच क्षणी धाकटी म्हणाली.

बाई आळीपाळीने दोघींकडे बघत राहिली. "बहिणी का?"

"जावा," धाकटी म्हणाली.

"जावा!" बाईच्या तोंडून हुंदका निघाला, पण त्यात कुठेतरी हसूही होतं. "जावा कधी अशा बोलतात का हो!" तिने पदराने डोळे पुसले, फोन उचलला, नंबर लावला आणि पुढे केला. "माफ केलं असं मी म्हणणार नाही. पण आईला माझ्या हे तुम्हीच सांगा. माझा आवाज निघणार नाही."

धाकटीने तो स्वतःच्या कानाला लावला नाही. तिने फोन घेऊन थोरलीच्या हातात ठेवला. "तुम्ही बोला, ताई."

पलीकडून एक म्हातारा, घाबरलेला आवाज आला, "हॅलो? बाळा, काय झालं?"

थोरलीने डोळे मिटले. अश्रू ओघळून ओठांवर आले. धाकटीचा हात तिच्या पाठीवर स्थिरावला.

"आई," ती म्हणाली, "तुमची लेक बरी आहे."